धुऱ्यावरची इंग्रजी

धानाचे रोवणे लागले की दुपारच्या पारी गावात माणूस दिसत नाही. कुत्रे राहतात, कोंबड्या राहतात, अन् माह्यासारखे कमरेतून वाकलेले म्हातारे राहतात. मी ओट्यावर बसते. शेतातल्या बांध्यांकडून चिखलाचा वास येते. बैलानं तुडवलेल्या चिखलाचा वास वेगळा राहे. आता ट्रॅक्टरनं चिखल करतात, तं त्यात डिझेल बी मिसळते. पण नाकाले जुनाच वास आठवते. अंग सारं म्हातारं झालं, नाक काऊन नाही झालं कोणाले माहीत.

रोवणाऱ्या बाया आता गाडीत भरून येतात. देवरीकडच्या, छत्तीसगडाकडच्या. ठेक्यानं येतात, ठेक्यानं जातात. गाणं म्हणाले त्यांले फुरसत नाही. एखादीच्या कमरेले मोबाईल बांधला राहते, तो गाते, बाया मुंडी खाली घालून रोवत राहतात. वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमी गात होतो म्हणून आमची कमर कमी दुखे, असं काही नव्हतं.

परवा नातवाची पोरगी, श्रुती, माह्याजवळ बसून मोबाईलातल्या एका बाईसोभत इंग्रजी घोकून राहिली होती. तिले नागपूरले कुठी मुलाखतीले जाचं आहे. ते मोबाईलातली बाई हिंदीत सांगे, एकटा शब्द पाठ नका करू, जोडीनं करा, इंग्रजीत शब्दाची जोडी ठरली राहते. मंग ते पहिला शब्द टाके अन् थांबे. पोरीनं दुसरा म्हणाचा.

बाई म्हणली, "हेवी."

पोरगी वर पाहत राहिली. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, रेन. तिले काही ऐकू नाही आलं. मंग तिचं तिलेच आठवलं अन् तिनं म्हटलं. मी तंबाखू मळत राहिली.

मी दुसरीपोतर शाळेत गेली. इंग्रजीचं एक अक्षर मले वाचता येत नाही, तवा बी नव्हतं येत. पण एका सालच्या रोवण्यात माह्या तोंडून नुसती इंग्रजी निघे. खाली चिखल, वर पाऊस, हातात पऱ्हे, म्हणजे धानाचे रोपं, अन् तोंडात इंग्रजी. आमच्या बांधीत त्या साली गाणं झालंच नाही. तेच गाणं होतं.

इंग्रजाले जाऊन आठ-नऊ साल झाले असतील. आमचं गाव आमगावपासून बैलगाडीच्या रस्त्यानं आत. घरात दोन भाऊ. मोठा माहा भासरा, लहाना देवकीचा बाप, म्हणजे माहा घरवाला. देवकी आमची पहिली पोरगी, तवा चालाले लागली होती. देवकीच्या बापाचा एक पाय लहानपणीच वाळला होता. गाडी उलटली, पाय चाकाखाली आला, मंग तो पाय वाढलाच नाही. चिखलात उभं राहाले त्याले जमे नाही. नांगर धरता येत नाही म्हणून त्याले शाळेत घातलं होतं. आमच्याकडं तवा असंच होतं. धडधाकट पोट्टा बैलामागं, अधू पोट्टा शाळेत. त्याच्यानं तो मॅट्रिक झाला. गावात दुसरा कोणी नव्हता मॅट्रिक. लोक त्याले बाबू म्हणत. बाबू म्हणत, अन् बाबू धुऱ्यावर बसून राहे. धुरा म्हणजे बांधीचा बांध. सारे लोक चिखलात अन् तो एकटा वर कोरडा. पाहुण्यानं पाहिलं तं त्याले वाटे, हा मालगुजार असन.

त्या साली चिखलणी सुरू व्हाच्या आधी भासरा अंगणात बसला, चिलीम भरली अन् भावाले म्हणाला, "बाबू, मी एकटा किती दिवस ओढू गा? माहे बी लेकरं आहेत. दिवाळीपोतर पाहतो. नवकरी लागली तं चांगलंच. नाही तं आपापली चूल मांडू."

भासरा वाईट माणूस नव्हता. हे मले आजही म्हणाचं आहे. पहाटे उठून जो नांगराले जुंपे तो अंधार पडेपोतर. पण चूल वेगळी म्हणजे आमच्यासाठी काय, हे घरातल्या कुत्र्याले बी समजत होतं. शेत वाट्याले येईन, पण ते वाहणार कोण? वाळल्या पायाचा माणूस अन् एक बाई.

गोंदियाले खदानीच्या एका कंपनीची कचेरी होती. तठी हाजिरीबाबूची जागा निघाली. मजुराची हाजिरी मांडाची अन् साहेबाले सांगाची. साहेब होता मद्रासकडचा. त्याले ना मराठी समजे, ना हिंदी. म्हणून जो कोणी हाजिरीबाबू होईन त्याले इंग्रजी बोलता आली पाहिजे. लिहिता नाही, बोलता. मुलाखत पोळ्याच्या मागून होती. देवकीच्या बापाले लिहिलेलं इंग्रजी समजे. पण बोलणार कोणासोभत? बैलासोभत?

आमगावले टेशनाच्या मागं एक म्हातारा राहे. रेल्वेत गार्ड होता, मंग तिथंच राहिला. गार्डबाबू म्हणत त्याले. बायको मेलेली, पोरं कुठी कलकत्त्याकडं. जिंदगीभर गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम केलं, इंग्रजी फाडफाड बोले. देवकीचा बाप त्याच्याकडं जाऊ लागला. एकदा मी बी गेली, लाखोळीची डाळ द्याले. पदर पुढं घेऊन दारापाशी बसली. गार्डबाबूनं त्याचं बोलणं ऐकलं अन् कपाळाले हात मारला.

"बेटा, तू लफ़्ज़ तो सही लाता है, मगर शादी ग़लत करता है. बिग रेन नहीं होता. रेन हेवी होता है. विंड स्ट्राँग होता है. अंग्रेज़ी में हर लफ़्ज़ का जोड़ीदार बँधा हुआ है. दूसरे के साथ बिठाएगा तो अंग्रेज़ हँसेगा."

मी मधातच बोलली. मले राहवलं नाही. "पण जी, इंग्रज तं गेले ना?"

म्हातारा माह्याकडं पाहून दात नसलेला हसला. "गए, बेटी. हँसी यहीं छोड़ गए."

घरी येताना गाडीत मी त्याच्यावर विचार करत होती. आपल्याकडं बी तसंच आहे ना. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतात. धान रोवतात, हळद लावतात, लाखोळी उभ्या धानात फेकतात. लाखोळी रोवली म्हटलं तं पोट्टे बी हसतील. कोणी शिकवलं आपल्याले? कोणी नाही. लहानपणापासून दोन शब्द सोभतच कानावर पडले, तं सोभतच तोंडातून येतात. मी हे देवकीच्या बापाले सांगतलं. तो म्हणाला, "आता सोभतच कानावर पाडाचे कसे? कोण पाडन?"

मी म्हटलं, "मी पाडन."

तवाचे रोवणे पाहिले नसतील त्यांले सांगते. बाया एका रांगेत मागं मागं सरकत रोवत जातात. जे बाई रांगेच्या मुंडीले राहते ते गाण्याचं अर्धं टाकते. बाकीच्या बाया उरलेलं अर्धं उचलतात. ते टाके, ह्या उचलत. दिवसभर. त्याच्यानं हात एका तालात चालतात, कोणी मागं पडत नाही. अन् गाणं पाठ आहे का नाही, हे कोणी पुसत नाही. पहिलं अर्धं कानावर पडलं की दुसरं आपोआप तोंडात येते. मनातून शोधा लागत नाही.

त्या साली मी मुंडीले होती.

संध्याकाळी मी धान कांडे अन् तो मुसळाच्या तालावर मले जोड्या वाचून दाखवे. हेवी रेन. स्ट्राँग विंड. मेक मिस्टेक. टेक केअर. कीप प्रॉमिस. रेग्युलर अटेंडन्स. मतलब बी सांगे. मले गाणं एकदा ऐकलं की बसे, तसंच हे बसलं. कधी आमी हसत बी होतो. कॅच कोल्ड म्हणजे सर्दी होणं. मी म्हटलं, "आपल्याले सर्दी धरते, अन् ते लोक सर्दीले धरतात? मासोळी आहे का?" तो इतला हसला की आतून जाऊ खोकलली. मोठी जाऊ खोकलली म्हणजे चूप बसा.

अन् दिवसा बांधीत मी पहिला शब्द टाके, तो धुऱ्यावर बसून दुसरा उचले.

"हेवी!"

"रेन!"

"स्ट्राँग!"

"विंड!"

पहिल्या दिवशी बायांले काही समजलंच नाही. रांगेत सोनका होती, तिचं तोंड तिच्या हातापेक्षा जलद. म्हणली, "काय वो, तुहा दादला धुऱ्यावर बसून मंतर म्हणून राहिला का? पाऊस पाडते का थांबवते?"

"नवकरीचा मंतर आहे," मी म्हटलं.

"मंग माह्याबी दादल्यासाठी म्हण वो माय. त्याले तं उठवाचा मंतर पाहिजे."

दोन-चार दिवसात साऱ्या रांगेलेच ते लागलं. मी हेवी म्हटलं की इकडून बायाबी ओरडत, रेन! सोनका एक दिवस म्हणली, हेवी सासू! साऱ्या बाया चिखलात बसल्या हसून. कोणाची सासू रांगेतच होती, ते बी हसली, मंग रागावली. बाजूच्या बांधीतले लोक उभे राहून पाहत. लांबून गाडी घेऊन जाणारा एक पाव्हणा थांबून पुसे, "अठी कोणत्या भाषेचे लोक आले गा?"

देवकीचा बाप त्या दिवसांत वेगळाच दिसे. धुऱ्यावरच बसे, पण बसल्यासारखा वाटे नाही. ताठ बसे. आवाज लांब जाये त्याचा. भासरा औत सोडून जाताना कधी उभा राही, ऐके, काही बोले नाही. एकदा मात्र म्हणाला, "जमते वाटते बाबूले." इतलंच. देवकीचा बाप त्या दिवशी पेज दोनदा मागून पेला.

मी तवा पोटुशी होती. तिसरा-चवथा महिना असन. रोवण्यात कोणी पोटुशी म्हणून घरी बसत नव्हतं. पाण्यात पाय राहून राहून बोटांच्या मधात चिखल्या झाल्या होत्या, हात सुरकुतले होते, त्याच्यात पोटात दुखलं तं ते बी त्याच्यातलंच एक वाटलं. दुपारी धुऱ्याच्या आडोशाले गेली. सोनका सोभत होती. तिनंच सारं केलं. ते काय होतं, पोरगा का पोरगी, मी पाहिलं नाही. सोनकानं मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. घरी गेली, पडून राहिली. रोवणं थांबत नाही, पऱ्हे मोठे होऊन राहिले होते. रक्त थांबलं की मी परत बांधीत उतरली.

देवकीचा बाप धुऱ्यावर होताच. म्हणाला, "आज राहू दे."

मी पेंढी सोडली, पऱ्हे हातात घेतले, अन् म्हटलं, "हेवी."

पाण्याचा तेवढा आवाज. मंग लय वेळानं तो म्हणाला, "रेन."

"स्ट्राँग," मी म्हटलं.

त्याच्या मागून काही झालं नाही. म्हणजे रडणं वगैरे. लोक म्हणतात, तुमाले तवा काय वाटलं? मले आठवत नाही काय वाटलं. चिखल थंडा होता, हे आठवते.

पोळा झाला. मुलाखतीच्या दिवशी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, भासऱ्यानं आपला कोट देला. कोट खांद्यात मोठा होता. भासऱ्यानं स्वतः गाडी जुंपली अन् त्याले आमगावले आगगाडीत बसवून देलं. मी देवकीले घेऊन बैलगाडीतच वेशीपोतर गेली. जाता जाता गाडीत बी मी टाकतच होती, तो उचलतच होता. रेग्युलर, अटेंडन्स. फुल, रिस्पॉन्सिबिलिटी. हा शब्द म्हणताना त्याची जीभ अडखळे, त्या दिवशी नाही अडखळली. भासरा बैल हाकत होता. त्याच्या पुढं मी कधी बोलली नाही, म्हणून आवाज खाली ठेवून टाकत होती. एक बी जोडी चुकली नाही. मी वेशीवरून परत आली तवा मले वाटलं, आता चूल वेगळी नाही होत. घरी येऊन मी चुलीले पोतारा बी देला.

तो दिवस बुडताना आला. टेशनापासून कोणाच्या तरी गाडीनं आला होता. कोट काढून दांडीवर टाकला, हातपाय धुतले, बसला. मी ताट वाढलं. पुसलं नाही. खाणं झाल्यावर पुसलं.

"साहेब भेटला का?"

"भेटला."

"काय पुसलं त्यानं?"

"बस म्हणाला. मंग म्हणाला, आपल्या गावाबद्दल सांग."

"मंग? तुमी काय सांगतलं?"

तो जमिनीवर बोटानं रेघ ओढे.

"शब्द आठवले नाही का?"

"सारे आठवत होते."

"मंग?"

"कोणी टाकले नाही," तो म्हणाला.

मले पहिले समजलंच नाही. मंग समजलं. साहेब तिकडून चूप बसला होता, की हा बोलन. अन् हा इकडून चूप बसला होता, की साहेब पहिला शब्द टाकन. रोवण्याचं गाणं असंच राहते. उचलणाऱ्यानं कधी सुरुवात करावी लागत नाही. त्यानं दोन महिने नुसतं उचललं होतं. जोड्या सगळ्या पक्क्या, पण प्रत्येकीचं तोंड माह्याकडं होतं. ते बांधीत राहिलं, अन् तो कचेरीत गेला.

"साहेबानं मंग दुसरं काही नाही पुसलं?"

"पुसलं. लय पुसलं. चांगला होता तो. पाणी बी देलं."

"तरी?"

"तरी नाही." मंग तो आपल्या पायाकडं पाहत राहिला. म्हणाला, "शेवटी तो बाजूच्या बाबूकडं वळला. टेबलावर लोखंडाची पेटी होती, ते सरकवाले गेला अन् म्हणाला, हेवी..."

मी वाट पाहिली.

"मी म्हटलं, रेन."

"मोठ्यानं?"

"बांधीत म्हणतो तसं."

साऱ्या कचेरीनं मान वर करून पाहिलं असन. साहेब हसला का, हे मी पुसलं नाही. त्यानं बी सांगतलं नाही. देवकी झोपाले आली होती, तिले मी मांडीवर घेतलं.

ते गोष्ट गावभर झाली, कशी झाली मले माहीत नाही. चांगल्या मनानंच झाली असन. धान निसवलं, लोंब्या आल्या, पाखरं हाकलाले पोट्टे मचाणावर बसले, अन् ते मचाणावरून एकमेकांले ओरडत, हेवी! रेन! त्यांले काय माहीत. सोनकानं एकाच्या पाठीत ढेकूळ हाणलं तवा ते बंद झालं.

देवकीच्या बापाचं एक मात्र तवापासून झालं. तो आपल्या मनानं बोलणं सुरू करे नाही. मुका नाही झाला. मी म्हटलं, "आज हवा..." तं तो म्हणे, "थंडी आहे." मी म्हटलं, "देवकीले..." तं तो म्हणे, "भूक लागली असन." पण कोणी काही टाकलंच नाही तं तो दिवसभर तसाच. नुसतं 'काय गा, कसा आहे?' म्हटलं तं पाहत राहे. पुढं त्याची सारी जिंदगी तशीच गेली, अन् ते लय लांब होती. मले त्याची सवय झाली. तो मेला त्याच्या मागून बी मी कित्येक दिवस घरात अर्धं बोलून थांबे. सुना म्हणत, माय भरमली.

लोक विचारतात, इतली मेहनत केली तं राग नाही आला का तुमाले? कोणावर आणाचा? साहेबानं पाणी देलं. गार्डबाबूनं फुकट शिकवलं. भासऱ्यानं कोट देला. बांधीत जे रीत होती तेच आमी केली. आमाले शिकाचं म्हणजे कसं, हे तेवढंच माहीत होतं.

दिवाळी झाली. धान कापून खळ्यावर आलं. भासऱ्यानं आपला शब्द पाळला. पंच बोलावले.

आमच्याकडं वाटणीचा रिवाज असा आहे. मोठा भाऊ वाटे पाडते अन् लहाना भाऊ पहिले उचलते. म्हणजे मोठा लबाडी नाही करत, कारण चांगला वाटा कोणाच्या हाती जाईन त्याले माहीत नाही राहत. अन् उचलताना तोंडानं बोला लागते. हातानं दाखवलेलं पंच धरत नाहीत. हाताचं उद्या बदलवता येते, तोंडाचं चार लोकांनी ऐकलेलं राहते. लहाना बोललाच नाही तं उचलणं मोठ्याकडं जाते.

भासऱ्यानं वाटे इमानानं पाडले होते. एकीकडं बोडीच्या खालची बांधी, लहानशी, पण बोडी म्हणजे आमचा गावतलाव, त्याचं पाणी पहिले तिच्यात येते. दुसरीकडं वरची जमीन, दुपटीच्या वर, अन् सोभत चांगली बैलजोडी. धडधाकट माणसाले कोणताही वाटा चालला असता. आमाले नाही. बोडीखालची बांधी कोणीही अध्यानं कराले तयार होते, अर्धं धान आपल्याले देते, अन् घरवाल्यानं नांगर नाही धरला तरी चूल चालते. वरच्या जमिनीले पाणी नाही, ते अध्यानं कोणी घेत नाही. अन् आमी बैलजोडी घेऊन काय करणार होतो? हे मी देवकीच्या बापाले घरी सांगतलं होतं. त्याले बी समजलं होतं. त्यानं मान हालवली होती.

खळ्यावर पंच बसले. लहानूबुवा मोठा पंच, म्हातारा, पांढऱ्या मिशीचा. बायामाणसं कुडाच्या आड. मी बी आड उभी, देवकी माह्या पायाले धरून.

"बोल गा बाबू," लहानूबुवा म्हणाले. "कोणता वाटा?"

देवकीचा बाप पंचाकडं पाहत राहिला.

"बोल बाबू, लाजू नको. दोन्ही तुहेच आहेत."

तो पाहत राहिला. मले कुडाच्या फटीतून ते दिसत होतं. तो कचेरीत कसा बसला असन ते मले तवा दिसलं.

एक पंच म्हणाला, "मॅट्रिक झालेला माणूस अन् तोंडाले कुलूप. का इंग्रजीत बोलते?" दोघंतिघं हसले. भासरा नाही हसला. तो जमिनीकडं पाहत होता.

"हे शेवटचं बाबू," लहानूबुवा म्हणाले. "बोलला नाही तं मोठा उचलन. मंग म्हणू नको."

भासऱ्यापुढं भावजय बोलत नाही. माहं लगीन झालं तवापासून भासऱ्यानं माहा आवाज ऐकला नव्हता. बांधीतला लांबून, गाडीतला हळू, ऐकला असन तं नसल्यासारखा. सावली पडू नये म्हणून मी बाजूनं जाये. मी कुडाच्या बाहेर आली. पदर हनुवटीपोतर ओढला. पंचाकडं पाहिलं नाही, भासऱ्याकडं पाहिलं नाही. बांधीत मुंडीले उभं राहून टाकाचं, तसं टाकलं.

"बोडीखालची..."

"बांधी माही!" देवकीचा बाप म्हणाला.

साऱ्या खळ्याले ऐकू आलं. मळणीचे बैल थांबले.

मंग एक पंच म्हणाला, "हे काही धरता येत नाही बुवा. बाई बोलली."

लहानूबुवानं मिशीवर हात फिरवला. "पुरं बोलली का बाई?"

"नाही जी. अर्धं बोलली."

"पुरं कोणी केलं?"

"बाबूनं."

"'माही' कोण म्हणालं?"

"बाबू म्हणाला."

"मंग बाबूच बोलला," लहानूबुवा म्हणाले अन् बाजूले थुंकले. "अर्ध्याले बोलणं म्हणत नाही. काय गा मोठ्या, तुहं काही म्हणणं?"

भासरा उठला. धोतराचा भुसा झटकला. "रिवाज आहे तो आहे," म्हणाला, अन् बैलाकडं गेला. त्याच्या मागून त्यानं माह्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. जाऊ घेई, लेकरं घेत. तो नाही.

बांधी आमची झाली. आनंद झाला का म्हणान, तं मले तसं काही आठवत नाही. देवकीचा बाप खळ्यावरच बसून होता, कोणी त्याच्याजवळ तंबाखू सरकवली होती. मी घराच्या मागच्या अंगणात गेली. वेगळी चूल मांडाची म्हणजे त्याच दिवशी मांडा लागते, ओली असली तरी. माती घेतली, धानाचा भुसा टाकला, पाणी ओतलं. पाणी जास्त पडलं. माती पातळ झाली, हातात थांबे नाही. मी अजून माती घेतली.